कपाटामागचं मत

“मोबाइल यात टाका,” संपतमामा म्हणाले आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा त्यांनी आमच्यापुढं धरला.

लॉजच्या गच्चीवर आम्ही चौघं खुर्च्या टाकून बसलो होतो. समोर समुद्र होता. दयानंदनं तोंड वाकडं करत फोन डब्यात टाकला. शबनमनं आधी आईला ‘पोचले’ असा निरोप धाडला, मग टाकला. वृषालीनं टाकलाच नाही, नुसता मांडीवर पालथा घातला. मी माझा टाकला आणि विचारलं, “पुस्तक ठेवलं तर चालेल ना?”

तिघंही हसली. शबनम म्हणाली, “मामा, नीट तपासा हं. आत नानांची चिठ्ठी असायची.”

मामा हसले नाहीत. त्यांनी खरोखरच माझ्या हातातून पुस्तक घेतलं, उलटं धरलं आणि झटकलं. त्यातून एसटीचं एक जुनं तिकीट पडलं. ते त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलं, मग मला परत दिलं. खूण म्हणून ठेवलेलं तिकीट आता कुठल्या पानात घालायचं, हे काही मला आठवेना.

हे सगळं कशासाठी, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हा सरपंच थेट गावातून निवडला जात नसे. निवडून आलेल्या सदस्यांनीच आपल्यातून एकाला करायचं. त्या खेपेला पद बाईसाठी राखीव होतं. आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य सात. तरुणांच्या पॅनेलचे आम्ही चार आलो होतो आणि नानांच्या पॅनेलचे तीन. अशा वेळी निवडीच्या सभेपर्यंत आपली माणसं उचलून लांब कुठं तरी नेऊन ठेवायची, म्हणजे समोरच्याला ती फोडता येत नाहीत. याला सहल म्हणतात. सहलीत सगळं मिळतं. बाहेर मात्र जाता येत नाही.

‘तरुणांचं पॅनेल’ हे शब्द लिहिताना मला आजही संकोच वाटतो, कारण मी तेव्हा साठीला टेकलो होतो. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो, नुकताच निवृत्त झालो होतो. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. ही तिन्ही मुलं कॉलेजात असताना माझ्या वाचनालयात बसायची, अभ्यासाला कमी आणि पंख्याखाली गप्पा मारायला जास्त. एक दिवस तिघंही घरी आली. वृषाली म्हणाली, “काका, आमच्या पॅनेलमध्ये सगळीच पंचविशीच्या आतली. गाव म्हणतं, पोरखेळ आहे. निदान एक तरी डोकं पिकलेलं पाहिजे.” मला नाही म्हणता आलं नाही. मला ते कधीच कुणाला म्हणता येत नसे. दुकानदारानं दाखवलेला पहिला शर्ट मी घेऊन येत असे.

आणि समोर कोण, तर श्रीपतनाना. माझे थोरले चुलत भाऊ. गावाचा कारभार त्यांच्या हातात इतकी वर्षं होती, की ते सरपंच असोत नसोत, लोक ग्रामपंचायतीचं काम घेऊन त्यांच्याच ओट्यावर जात. माझे वडील गेले तेव्हा मी शिकत होतो. नानांनी मला सायकलवर पुढं बसवून तालुक्याला नेलं, संस्थेच्या अध्यक्षांसमोर उभं केलं आणि म्हणाले, “हा पुस्तकं सांभाळील. दुसरं काय ह्याला जमायचं न्हाई.” नोकरी लागली. पुढचं माझं सगळं आयुष्य त्या दोन वाक्यांवर उभं राहिलं. दोन्ही वाक्यं खरी होती, असंच मी मानत आलो होतो.

मुलांच्या पॅनेलमधून उभा राहतोय, हे सांगायला मी नानांकडं गेलो. ते खो खो हसले. “राहा की उभा. घरचा एक माणूस तिकडं असलेला बराच.” माझ्याविरुद्ध त्यांनी नावालाच कुणी तरी उभा केला. मी निवडून आलो. म्हणजे मुलांना वाटत होतं मी त्यांचा, नानांना वाटत होतं मी त्यांचा, आणि मी दोघांनाही मान हलवून आलो होतो.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी खोलीत आडवा झालो. खिडकी व्हरांड्याकडं उघडत होती. डोळा लागतो न लागतो तोच मामांचा आवाज आला. हे संपतमामा म्हणजे वृषालीच्या आईचे भाऊ. शेजारच्या तालुक्यात राहायचे आणि पाचपन्नास निवडणुका पार पाडल्याचा रुबाब मिरवायचे.

“फुटला तर म्हाताराच फुटंल, लिहून ठेव.”

“मामा, हळू बोला,” वृषाली म्हणाली.

“हळू कशाला? श्रीपतरावाचा चुलतभाऊ हाय. त्यानं डोळं वटारलं की ह्याचं धोतर ढिलं.”

“ते पॅण्ट घालतात.”

“तू हसण्यावारी नेऊ नगंस. उद्या तुझ्या बाजूनं तीनच हात वर झाले, तर सरपंच शारदा. श्रीपतरावाची सून. मग बस पाच वर्षं सह्या करत.”

“मग काय करू? त्यांच्या दाराला बाहेरून कडी घालू?”

“घातलीय मी.”

मी उठून दार ओढून पाहिलं. खरंच घातली होती. मला राग आला नाही, हे सांगायला हवं. मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मामांनी माणूस बरोबर ओळखलाय. मी परत येऊन पलंगावर बसलो. मग कडी निघाल्याचा आवाज आला आणि दारात वृषाली उभी. बावीस वर्षांची मुलगी, ओढणी कमरेला खोचलेली, चेहरा लालबुंद.

“काका, सामान भरा. घरी जाऊ.”

“अगं, पण सभा उद्या...”

“म्हणूनच.”

मामा मागून ओरडत आले. “येडी झालीस का? इथपर्यंत आणलंय तुला!”

ती त्यांच्याकडं वळली. “मामा, मला सरपंच व्हायचंय. तुमच्यापेक्षा जास्त मलाच व्हायचंय. खालच्या आळीला पाणी पोचेपर्यंत टाकीचा तळ दिसतो. वॉल्व्ह कोण फिरवतं, कुणाच्या सांगण्यावरून फिरवतं, मी शाळेत असल्यापासून बघतेय. पण माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला कोंडून मला तिथं बसायचं नाही.”

“मग घरीच बस!”

“बसेन.”

दयानंद आणि शबनम जिन्यात उभे होते. दयानंद म्हणाला, “मामा, डबा द्या. आईचा फोन आला असंल, म्हशीला बरं नाही.” तेवढ्यानं ते भांडण मिटलं, म्हणजे निदान थांबलं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी वृषालीच्या शेजारी होतो. घाट लागला तेव्हा ती म्हणाली, “काका, उद्या तुम्ही काय करणार, हे मी विचारणार नाही.”

मी म्हणालो, “बरं.” आणखी काही बोलायला हवं होतं. मी घाट संपेपर्यंत वाक्य जुळवत राहिलो. ते जुळेपर्यंत गाव आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना घरी आले. ते माझ्याकडं कधी येत नसत, मला बोलावणं पाठवत. आले, पुस्तकांच्या ढिगावरून जपून पाय टाकत खुर्चीपर्यंत गेले आणि म्हणाले, “च्या टाक.”

मी चहा टाकला.

“कसा काय वाटला समुद्र?”

“मोठा आहे.”

“मोठा आहे! इतकी वर्षं पुस्तकं वाचून एवढंच?” ते हसले. चहा बशीत ओतून त्यांनी फुंकर घातली. “पोरांनी परत आणलं म्हणं तुला. अक्कल न्हाई पोरांना. संपत एकटाच शहाणा त्यांच्यात.”

मी चहाचं गाळणं विसळायला घेतलं.

“हे बघ वामन्या. शारदानंच व्हावं अशी मला लय हौस न्हाई. तिलाबी न्हाई, ती घरात रडतीया. पण आता ह्या वयात त्या कालच्या पोरीम्होरं उभं राहायचं? माझ्या खुर्चीत ती, आणि मी समोर बाकावर? तूच सांग.”

त्यांचा आवाज जरा हलला होता. नानांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. ते मला फार जड गेलं. ते ओरडले असते तर सोपं झालं असतं.

“दुपारी हात वर करायचा असतो,” ते उठत म्हणाले. “तू आपला पंख्याकडं बघत बसू नगंस. माझ्याकडं बघ. मी केला की तू कर. एवढंच. तुला दुसरं काय सांगितलंय का आजवर?”

“बघू, नाना,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. माझ्या ‘बघू’चा अर्थ आमच्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक होता. मी असं म्हणालो, की काम झालं म्हणून समजायचे.

ग्रामपंचायतीची खोली लहान. मध्ये लांब टेबल, भिंतीला लोखंडी कपाट. एका बाजूला आम्ही चौघं. दुसऱ्या बाजूला बाकावर नाना, डोक्यावर पदर घेतलेली शारदा आणि गोरख. गोरखही त्या मुलांच्याच वयाचा, वृषालीच्या वर्गातला. नानांचा ट्रॅक्टर चालवायचा, त्यावरच त्याचं घर चालायचं. नानांनी उभा केला म्हणून तो उभा राहिला होता आणि स्वतः इतका हसरा की निवडूनही आला. टेबलाच्या डोक्याशी निवड पार पाडायला तालुक्याहून आलेले अध्यासी अधिकारी, सर्दीनं बेजार. खिडकीबाहेर अर्धं गाव आणि सगळ्यांत पुढं गज धरून संपतमामा.

अधिकाऱ्यांनी नावं वाचली. सरपंचपदाला दोन अर्ज, वृषाली आणि शारदा. माघार कुणी घेतली नाही. ते नाक पुसत म्हणाले, “मग हात वर करून मतदान घेऊ. कुणाची हरकत? कुणाही एका सदस्यानं मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावं लागेल.”

नानांनी माझ्याकडं पाहिलं. खिडकीतून मामांनीही माझ्याकडं पाहिलं आणि मूठ आवळून दाखवली. मी पंख्याकडं पाहिलं. वीज गेलेली होती, पंखा बंद होता.

“साहेब, गुप्त मतदान पाहिजे,” कुणी तरी म्हणालं.

मला क्षणभर वाटलं नानांकडचं कुणी बोललं. बोलली होती वृषाली.

“अगं ए!” मामा खिडकीतून किंचाळले. “चार हाईत आपली! हात वर करायला लाव!”

शबनमनं तिचा हात दाबला. “वृषा, काय करतीस?” दयानंदनं डोळे मिटून घेतले. नानासुद्धा गोंधळले. उघड हात म्हणजे आमच्या बाजूला मला धरून ठेवणारा दोर होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं कापला होता. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

“मागणी नोंदवा,” ती अधिकाऱ्यांना म्हणाली.

लोखंडी कपाट तिरकं सरकवून मागं आडोसा केला. चिठ्ठ्यांवर दोन्ही नावं लिहून झाली. एकेकानं मागं जायचं, एका नावापुढं खूण करायची, घडी घालून पेटीत टाकायची. नाना गेले आणि लगेच आले. शारदा गेली. गोरख गेला, येताना कपाटाला धडकला आणि ओशाळून हसला. मग दयानंद, शबनम, वृषाली. शेवटी मी.

कपाटामागं जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा होती. भिंतीत खिळ्याला जुनं कॅलेंडर, खाली स्टूल, स्टुलावर दोऱ्यानं बांधलेलं पेन. पलीकडून नानांचा खोकला ऐकू येत होता. मी इतक्या वर्षांत शेकडो मुलांना पुस्तकं दिली, पण मला स्वतःला काय हवंय, असं कुणी एकटं उभं करून विचारल्याचं आठवत नव्हतं. सायकलवर पुढं बसलेला मी, आणि घाटात शेजारी बसलेली ती. दोन्ही खरं होतं. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

“झालं का काका?” अधिकाऱ्यांनी हाक मारली. “परीक्षेचा पेपर नाही हो तो.”

बाहेर हशा पिकला. मी खूण केली आणि घडी घातली.

पेटी उघडली. अधिकारी एकेक चिठ्ठी वाचून टेबलावर ठेवत गेले. शेवटी म्हणाले, “शारदाताई, तीन. वृषालीताई, चार.”

खिडकीबाहेर आरडाओरडा झाला. शबनमनं वृषालीच्या गळ्यात हात टाकले आणि रडायलाच लागली. मी खाली मान घालून बसलो होतो. नानांची नजर माझ्यावरून गेली. गेली आणि थांबली नाही. ती सरळ गोरखवर जाऊन थांबली.

“चावी ठेव,” नाना म्हणाले.

“क... काय, नाना?”

“ट्रॅक्टरची चावी. ठेव टेबलावर. एका वर्गात होता न्हवं दोघं? कळलं मला.”

“नाना, आईशप्पत, मी शारदावैनीलाच दिलं!”

“शप्पत घेऊ नगंस. वामन्याला मी सकाळीच सांगून आलो हुतो. त्याची न्हाई छाती. राहिला कोण?”

गोरखनं खिशातून चावी काढली. ती टेबलावर ठेवली. मी अजूनही गप्पच होतो. त्या गुप्त मतदानानं मला लपायला जागा दिली होती आणि ती जागा अजून तशीच होती. मी नुसता बसून राहिलो असतो, तर जन्मभर नानांचा राहिलो असतो आणि मुलांचाही. कुणाला काही कळलं नसतं. फक्त गोरख घरी गेला असता.

मी उठलो. खुर्ची मागं पडली.

“गोरख, चावी उचल,” मी म्हणालो. माझा आवाज फार बारीक आला. म्हणून परत म्हणालो, “उचल. ते मत माझं होतं, नाना. मी दिलं वृषालीला.”

नाना माझ्याकडं असे पाहत राहिले, जणू कपाट बोललं.

“तू?”

“हो.”

“सकाळी ‘बघू’ म्हणालास मला.”

“तेव्हा नाही म्हणायला जमलं नाही. आत्ता म्हणतो.”

“का पण?” ते ओरडले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला मोठं काही तरी बोलता आलं असतं, तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “मला ती सरपंच झालेली हवी होती, नाना. कुणी सांगितलं म्हणून नाही. मलाच.”

नानांनी तोंडावरून हात फिरवला. मग त्यांनी चावी उचलली आणि गोरखच्या पुढ्यात सरकवली. त्याच्याकडं न बघता म्हणाले, “उद्या वरच्या रानात नांगर घालायचाय. लवकर ये.” आणि उठून दाराकडं निघाले.

“नाना, बसा,” वृषाली म्हणाली.

नाना थबकले.

“सभा संपली नाही. उपसरपंचाची निवड राहिलीय. आणि पाण्याचं तुमच्याइतकं इथं कुणालाच माहीत नाही. पाइप कुठनं कुठं गेलाय, ते मला तुमच्याकडनंच शिकायचंय. बसा ना.”

ते दारात बराच वेळ उभे राहिले. मग ते येऊन बसले, बाकावर, तिच्या समोर. शारदानं पदराआड सुटकेचा श्वास सोडला, तो मात्र सगळ्यांना ऐकू आला.

“उपसरपंचपदासाठी मी वामनकाकांचं नाव सुचवते,” वृषाली म्हणाली. “काका, अर्ज भरा.”

दयानंदनं माझ्यापुढं पेन धरलं. शबनम टाळ्या वाजवायच्या बेतात होती. मामासुद्धा खिडकीतून मान डोलवत होते, कडी घालणारे मामा.

“नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“नाही. मला ते काम येणार नाही, आणि आवडणारही नाही. दयानंदला करा. तो माणसांत रमतो.”

वृषाली माझ्याकडं बघत राहिली आणि एकदम खळखळून हसली. इतकी की अधिकारीही रुमालाआड हसले.

“चालेल,” ती म्हणाली. “पण एका अटीवर. पाच वर्षं माझ्या शेजारी बसायचं, आणि मी चुकले की मलाही असंच म्हणायचं. ह्याच आवाजात.”

पुढं ती मला दर सभेला आपल्या उजव्या हाताला बसवायची. मी तिला बरेचदा नाही म्हणालो. काही वेळा ती चिडली, काही वेळा चूक माझीच निघाली. पण प्रत्येक वेळी मी बोलायला तोंड उघडलं, की ती हातातलं काम खाली ठेवायची आणि बाकीच्यांना म्हणायची, “थांबा जरा. काका काही तरी म्हणतायत.”